चौथा पाय

उभादांड्याला आल्मेडाबायच्या ओसरीवर
ते टेबल उताणं टाकलं तेव्हा
चारही पाय पहिल्यांदा एकदम दिसले.

तीन सिंहाचे.
महोगनीचे, गुडघ्यापर्यंत केसाळ,
नखं बाहेर, खालचा गोळा घट्ट धरलेला.
चौथा फणसाचा.
पॉलिशखाली इतकी वर्षं गप्प होता,
स्पिरिटच्या फडक्यानं पुसला तसा पिवळा पडला,
पकडला गेल्यासारखा.

पणजीचा केंकरे बॅटरी मारून बघतो.
त्याच्याकडे फोटोंचं जाड पुस्तक आहे.
म्हणतो, राखेत बुडालेलं एक गाव
कुणीतरी फावड्यानं उकरलं,
भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवली,
कागदावरून विलायतेच्या सुतारांनी लाकडावर,
मग गलबतातून इथे, कस्टमच्या साहेबाच्या बंगल्यात.
पडावातून उतरवताना एक पाय बंदरावरच मोडला.
साहेब तापानं गेला.
लिलावात आल्मेडांच्या आजोबांनी घेतलं,
सव्वा अकरा रुपयांना, तीन पायांचं.

"म्हणजे नकलेची नक्कल," मी म्हणतो.
"खरी नक्कल," केंकरे म्हणतो. "हा पाय सोडून."

कडेच्या पट्टीवर तो बोट फिरवतो:
लाटा, एकीमागे एक,
सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला.
आल्मेडाबाय चहा ठेवते, वाकून बघते.
"वारो दक्षिणेचो आसा.
असो दर्या दिसलो की माजो घोव होडी ओढून ठेयी."

कोपऱ्यांवरची काटेरी पानं म्हणे तिकडचीच,
आपल्या मातीत येत नाहीत.
मी खिडकीतून खाडीकडे बघतो.
भरतीच्या चिखलात मारांडी उभी आहे, निळ्या फुलांची.
तेच पान, तशीच वळलेली कड, तेच काटे.
सांगत नाही.
सांगितलं तर तो पुस्तकात शोधत बसेल.

चौथा पाय माझ्या पणज्याचा. बाबली मेस्त्री.
वरच्या टोकाला, जिथे कुणी बघत नाही,
पटाशीनं एक माड कोरलाय. त्याची खूण.
आमच्या घरच्या आडाळ्यावरही तीच.
सिंह त्यानं पाहिला नव्हता.
देवळात देवीखाली आहे एक,
त्याचे पाय शेंदरात बुजलेले.
पण बाकीचे तीन समोरच होते,
बघून करता आला असता,
हात तेवढा होता त्याचा.
बोटांचं अंतर कंपासानं घेतल्यासारखं बरोबर,
गोळा बरोबर,
नखं मात्र
आत ओढलेली.

बांगडे वाळत घातलेल्या मांडवाखाली
त्याचा ठिय्या होता, असं घरात बोलतात.
मांजरं यायची.
पोट भरलेलं मांजर पाय कसा टेकतं
ते ह्या फणसात आहे.
तिघांनी काहीतरी धरून ठेवलंय.
हा नुसता उभा.

केंकरे म्हणाला, चौथा बदल,
तीन बघून हुबेहूब. महोगनी मी पाठवतो.
मजुरी अडीच हजार.
बायला पावसाआधी कौलं बदलायची होती.
मी हो म्हटलं.

आठ दिवस लागले. गोळा, केस, बोटं.
शेवटच्या नखाशी हात थांबला,
म्हणजे खरं तर विडी संपली होती.
मग तेही काढलं, बाहेर, टोकदार,
पुस्तकातल्यासारखं.
शिरोड्याच्या रस्त्यानं टेम्पो गेला.
लाटा ताडपत्रीखाली.

सुटलेला पाय घरी आणला.
बायको म्हणाली, "ह्येचा काय करतल्यात?"
काही नाही अजून. मागच्या दाराला टेकण लावतो,
वारा दक्षिणेचा असला की.
आमचं मांजर एकदा येऊन वास घेऊन गेलं.

उरलेलं पॉलिश खरवडताना
बोटांच्या फटीतून काहीतरी निघालं,
खवल्याएवढं, चकचकीत.
माशाचं की लाखेचं,
उजेडात धरूनही कळलं नाही.